यकृतात जमले, फुफ्फुसात अडले

जनुक गप्प करणे ही आता प्रयोगशाळेतली नवलाई राहिलेली नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पॅटिसिरान हे पहिले एसआयआरएनए औषध मंजूर केले आणि मागोमाग गिव्होसिरान, लुमासिरान, इन्क्लिसिरान, व्हुट्रिसिरान, नेडोसिरान, फिटुसिरान अशी रांग लागली. कोलेस्टेरॉलवरचे इन्क्लिसिरान तर सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर वर्षातून दोनदाच टोचावे लागते. या औषधांचे रोग निरनिराळे आहेत. कुठे मज्जातंतूंत साचणारे प्रथिन, कुठे पॉर्फिरिया, कुठे ऑक्झलेटचे मुतखडे, कुठे हिमोफिलिया. पण औषध जाऊन काम करते ती जागा सगळ्यांत एकच, यकृत. दमा, सीओपीडी, फुफ्फुसाचे फायब्रोसिस यांपैकी एकाही दीर्घ आजारासाठी असे औषध अजून अमेरिकेत किंवा युरोपात मंजूर नाही.

फुफ्फुसाचा विचार कुणी उशिरा केला असेही नाही. पॅटिसिरान बनवणाऱ्या अल्नायलम कंपनीने माणसांवर तपासलेले पहिलेच एसआयआरएनए फुफ्फुसाच्या विषाणूविरुद्धचे होते. तर्क सरळ होता. यकृतापर्यंत पोचायला रक्तातून जावे लागते, फुफ्फुस मात्र बाहेरच्या हवेला उघडे आहे. औषधाची वाफ करायची, रुग्णाने ती ओढायची, काम झाले. वीस वर्षांनंतर या तर्काचे काय झाले ते पाहण्याजोगे आहे.

आधी यंत्रणेविषयी थोडे. डीएनएवरची माहिती प्रथम संदेशवाहक आरएनएच्या रूपात उतरवली जाते आणि त्या संदेशाबरहुकूम पेशी प्रथिन बनवते. नेहमीची औषधे बनून तयार झालेल्या प्रथिनाला जाऊन चिकटतात. जनुक गप्प करणारे औषध एक पायरी आधी, संदेशावरच घाव घालते. डीएनएला हात लागत नाही, त्यामुळे परिणाम कायमचा नसतो. औषध ओसरले की जनुक पुन्हा बोलू लागते.

याचा पहिला सुगावा फुलांत लागला होता. १९९० साली रिच जॉर्गेन्सन आणि कॅरोलिन नेपोली यांनी पिटुनियाचा जांभळा रंग गडद व्हावा म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली, तर काही फुले चक्क पांढरी उमलली. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ साली एका सूक्ष्म कृमीवर प्रयोग करून दाखवले की दुहेरी धाग्याचा आरएनए आत गेला की त्याच्याशी जुळणारे जनुक बंद पडते. २००६ चे नोबेल त्यांना मिळाले. माणसाच्या पेशींत मात्र लांब दुहेरी आरएनए घातला की पेशी त्याला विषाणू समजून सगळाच कारभार बंद करत. २००१ साली थॉमस टुश्ल यांच्या गटाने केवळ २१ अक्षरांचे छोटे तुकडे, म्हणजेच एसआयआरएनए, वापरून ही अडचण दूर केली आणि औषध कंपन्यांचे डोळे चमकले. या तुकड्याचा एक धागा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या हाती लागतो. जुळणारा संदेश दिसला की आर्गोनॉट तो कापते, सोडते आणि पुढचा पकडते. एकच धागा असा पुन्हा पुन्हा वापरला जात असल्याने परिणाम महिनोन् महिने टिकतो.

उत्साह आला तसाच ओसरलाही. मर्कने २००६ साली सर्ना ही कंपनी १.१ अब्ज डॉलरला घेतली. २०१० साली रोशने या क्षेत्रातून अंग काढून घेतले. २०१४ साली मर्कनेही सर्ना अल्नायलमला विकून टाकली, घेतली त्याच्या कितीतरी कमी किमतीत. तंत्र खोटे नव्हते. अडचण पोचवण्याची होती. एसआयआरएनएचा रेणू मोठा, ऋणभारित आणि रक्तातल्या विकरांपुढे दुबळा. पेशीचे आवरण तो आपल्या आपण ओलांडू शकत नाही. यकृताने ही अडचण दोन वाटांनी सोडवली. मेदकणांत गुंडाळलेले औषध शिरेत सोडले की ते आपसूक यकृतात जाते. पॅटिसिरान तसेच चालते. दुसरी वाट अधिक सुबक आहे. यकृताच्या पेशींवर एएसजीपीआर हा ग्राही लाखोंनी असतो आणि तो गॅलनॅक ही साखर ओळखून आत ओढून घेतो. एसआयआरएनएच्या टोकाला ही साखर जोडली की तो जणू पत्ता लिहिलेले पाकीट होतो. पुढची बहुतेक औषधे या पत्त्यावरच पोचतात.

फुफ्फुसाला असा एकच खात्रीचा पत्ता नाही.

शिवाय फुफ्फुस उघडे दिसत असले तरी बेसावध नाही. श्वासनलिका आतल्या आत सुमारे २३ वेळा दुभंगत जाते, आणि शेवटी कोट्यवधी वायुकोश लागतात. सगळे पसरले तर सत्तर ते शंभर चौरस मीटर जागा भरेल. ही जागा रोज हजारो लिटर हवा घेते आणि हवेबरोबर येणारी धूळ, परागकण, जंतू यांना हुसकावणे हेच तिचे निम्मे काम असते. औषधाचा थेंब पाच मायक्रॉनहून मोठा असेल तर घशातच अडकतो आणि फार बारीक असेल तर श्वासाबरोबर परत बाहेर पडतो. जो आत उतरतो तो कफाच्या थरात रुततो आणि केसल पेशी तो कफ वर ढकलत राहतात. त्याहून खोल गेलेल्याला वायुकोशातल्या भक्षक पेशी गिळतात. या सगळ्यांतून सुटून एखादा कण हव्या त्या पेशीत शिरलाच, तर तिथे तो एका पिशवीत बंद होतो. मेदकणांबरोबर पेशीत शिरलेल्या एसआयआरएनएपैकी या पिशवीतून बाहेर निसटणारा वाटा २०१३ साली मोजला गेला, तेव्हा तो एक ते दोन टक्के भरला होता. नेब्युलायझरचे यंत्रही निरुपद्रवी नाही. द्रवाची वाफ करताना त्यात जी घुसळण होते ती नाजूक मेदकण फोडून टाकते, त्यामुळे शिरेतून चालणारे मिश्रण जसेच्या तसे वाफेतून चालत नाही.

यात एक गोष्ट अशी आहे जिच्याविषयी संशोधनपत्रिकांत फारसे ठासून लिहिले जात नाही, पण छातीच्या डॉक्टरांना ती रोज दिसते. आजारी फुफ्फुसात हवा सगळीकडे सारखी जात नाही. जिथे नलिका कफाने बुजल्या आहेत किंवा ऊतक घट्ट झाले आहे तिथे ती पोचतच नाही. म्हणजे ओढलेले औषध मुख्यत्वे त्या भागात उतरते जिथे त्याची गरज सर्वांत कमी आहे. निरोगी स्वयंसेवकांवरच्या पहिल्या टप्प्याच्या आकड्यांकडे पाहताना हे लक्षात ठेवावे.

आता त्या पहिल्या औषधाची कथा. त्याचे नाव एएलएन-आरएसव्ही०१. आरएसव्ही हा लहान मुलांना न्यूमोनियासारखा आजार देणारा विषाणू. त्याच्या एन प्रथिनाचा संदेश कापण्यासाठी हे एसआयआरएनए रचले होते. मेदकण नाही, साखर नाही, नुसता उघडा रेणू खारट पाण्यात. २०१० साली एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८८ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम विषाणू सोडला होता आणि निम्म्यांना आधी व नंतर पाच दिवस औषधाचा फवारा दिला होता. प्लासिबो गटात ७१.४ टक्क्यांना संसर्ग झाला, औषधाच्या गटात ४४.४ टक्क्यांना. माणसात या तंत्राने रोगावर परिणाम होतो याचे हे पहिले ठोस चिन्ह मानले गेले.

कंपनीने पुढचे पाऊल हुशारीने निवडले. फुफ्फुसाचे प्रत्यारोपण झालेल्या माणसाला आरएसव्ही झाला तर तो सर्दीवर भागत नाही. बारीक नलिका हळूहळू बुजत जाण्याचा दीर्घ आजार मागे लागू शकतो. त्याला बीओएस म्हणतात आणि प्रत्यारोपित फुफ्फुस निकामी होण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. २०११ साली २४ रुग्णांवरचा छोटा अभ्यास आला. तीन दिवस वाफेतून औषध दिलेल्यांपैकी ६.३ टक्क्यांना नव्वद दिवसांत बीओएस जडला किंवा वाढला. प्लासिबोवाल्यांत हे प्रमाण ५० टक्के होते. आकडा डोळे दिपवणारा होता. पण २४ रुग्णांतले पन्नास टक्के म्हणजे मूठभर माणसे. पुढच्या मोठ्या चाचणीत ८७ रुग्ण घेतले, तेव्हा फरकाचा कल दिसला, पण आधी ठरवलेली सीमा औषधाने ओलांडली नाही. विकास थांबला.

त्याच सुमाराला एक अधिक अडचणीचा प्रश्न उभा राहिला होता, आणि माझ्या मते या सगळ्या क्षेत्राला शहाणे करणारा प्रसंग तोच आहे. २००८ साली केंटकीतल्या एका गटाने दाखवले की डोळ्यात टोचलेले एसआयआरएनए कोणत्याही अक्षरक्रमाचे असले तरी रक्तवाहिन्यांची वाढ रोखते, कारण ते पेशीवरच्या टीएलआर३ या ग्राहीला चेतवते. म्हणजे जनुक गप्प झालेच नव्हते. शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी झाली होती. त्याच वर्षी कॅनडातल्या संशोधकांनी उंदरांवरचे फ्लूविरोधी प्रयोग तपासले. आधीच्या अनेक अभ्यासांत तुलनेसाठी हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाविरुद्धचे एक एसआयआरएनए वापरले जाई. नेमके तेच प्रतिकारयंत्रणेला फारच कमी डिवचणारे निघाले. औषध मानलेले एसआयआरएनए मात्र चांगले डिवचणारे. उंदीर फ्लूतून वाचले त्याचे श्रेय संदेश कापण्यापेक्षा या डिवचण्याला जात होते. तुलना-गट चुकला की अख्खे शास्त्र कसे वाट चुकते याचा हा धडा होता. पुढे रेणूच्या कण्यातल्या साखरेवर मिथॉक्सी आणि फ्लोरो गट बसवून प्रतिकारयंत्रणेला न डिवचणारे रेणू बनवण्याची कला रुळली. २०११ साली आणखी एक गोष्ट कळली. उंदराच्या श्वासनलिकेत सोडलेले उघडे एसआयआरएनए फुफ्फुसाच्या पेशींत रेंगाळत नाही. ते चटकन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांच्या वाटेला लागते. अशा स्थितीत आरएसव्हीच्या औषधाने नेमके काय आणि कसे केले, याविषयीची शंका पूर्णपणे फिटलेली नाही.

महासाथीत उघड्या रेणूऐवजी वाहक लावलेला रेणू पुढे आला. मॉस्कोच्या इम्युनॉलॉजी संस्थेत केके-४६ या पेप्टाइडच्या आधारे वाफेतून द्यायचे करोनाविरोधी एसआयआरएनए तयार झाले आणि रशियाच्या आरोग्य खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये ते नोंदवले. पण तो चार दिवसांच्या आजारावरचा उपाय होता. दीर्घ आजारात औषध वर्षानुवर्षे ओढायचे असते, आणि तिथे कसोटी वेगळी लागते.

ती कसोटी कशी असते ते अ‍ॅरोहेड कंपनीला २०२१ साली कळले. फुफ्फुसाच्या आवरण-पेशींवर अल्फा-व्ही-बीटा-६ हा इंटेग्रिन असतो. त्याला चिकटणारा छोटा रेणू एसआयआरएनएला जोडून कंपनीने फुफ्फुसापुरता एक पत्ता घडवला. पहिले लक्ष्य सिस्टिक फायब्रोसिस. या रोगात पेशी जादा सोडियम शोषून घेतात, नलिकांवरचा पाण्याचा थर सुकतो आणि कफ चिकट होतो. सोडियमचा दरवाजा म्हणजे ईनॅक. तो कमी झाला तर थर ओला राहील. मूळ जनुकातला दोष कोणताही असो, हा उपाय लागू पडायला हवा होता. जुलै २०२१ मध्ये उंदरांवरच्या दीर्घकालीन विषबाधा-चाचणीत फुफ्फुसात स्थानिक दाह दिसला आणि कंपनीने माणसांवरची चाचणी स्वतःहून थांबवली. थोड्या मात्रांना जे फुफ्फुस काही म्हणत नाही तेच महिनोन् महिने तीच वस्तू येत राहिली की कुरकुरते. त्याआधी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, ट्रायकाफ्टा ही तीन रेणूंची गोळी अमेरिकेत आली होती आणि तिकडच्या सुमारे नव्वद टक्के रुग्णांचे आयुष्य तिने बदलले होते. मग ईनॅकची घाई कुणाला राहिली नाही. इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ट्रायकाफ्टा ज्या एफ५०८डेल दोषावर मुख्यत्वे काम करते, तो भारतीय रुग्णांत युरोपीय रुग्णांपेक्षा कमी आढळतो. मूळ दोष न पाहणारा उपाय इथल्या मुलांना अधिक उपयोगी पडला असता.

त्याच पत्त्यावर कंपनीने नंतर दुसऱ्या लक्ष्यांवरची औषधे पाठवली. त्यांतले एक लक्ष्य रेज. हे ग्राही-प्रथिन फुफ्फुसाच्या वायुकोशांत विपुल असते आणि दाहाची आग पेटती ठेवते असे मानले जाते. २०२३ साली कळवलेल्या निष्कर्षांत निरोगी स्वयंसेवकांनी वाफेतून दोन मात्रा घेतल्यावर रक्तातले विरघळलेले रेज सरासरी ऐंशी टक्क्यांच्या घरात घटले आणि घट कित्येक आठवडे टिकली. माणसाच्या फुफ्फुसात जनुक खोलवर गप्प करता येते, याचा हा आजवरचा सर्वांत चांगला पुरावा. मी तो कमी लेखत नाही. पण रक्तातले हेच विरघळलेले रेज एम्फिसिमाच्या रुग्णांत कमी असते, आणि जितके कमी तितका आजार बळावलेला, असे वेगळ्या अभ्यासांनी दाखवले आहे. तिथे ते कमी होते कारण ते बनवणारे वायुकोशच नष्ट झालेले असतात. म्हणजे एकच आकडा एका माणसात औषध लागू पडल्याची खूण आणि दुसऱ्यात फुफ्फुस झिजल्याची खूण. जनुक गप्प झाले हे मोजता येते. त्याने धाप कमी झाली का, हे त्या मोजणीतून कळत नाही. या क्षेत्रातल्या जाहीर निवेदनांत पहिल्या गोष्टीचा आकडा ठळक असतो, आणि वाचणारा दुसरी आपल्या मनाने जोडून घेतो.

कोणते जनुक गप्प करावे हा प्रश्न पोचवण्याइतकाच अवघड आहे, आणि कफाकडे पाहिले की तो पुरता उघडा पडतो. कफाला घट्टपणा देणारी दोन प्रमुख प्रथिने म्हणजे म्यूक५एसी आणि म्यूक५बी. सीओपीडीत थुंकीतल्या या म्यूसिन-प्रथिनांचे प्रमाण वाढते हे २०१७ साली मोठ्या अभ्यासात दिसले. मग दोन्ही बंद करावीत? २०१४ साली उंदरांत म्यूक५बी काढून टाकल्यावर ते कफ बाहेर ढकलू शकले नाहीत, जंतू साचले, प्राणी मेले. म्यूक५एसी नसलेल्या उंदरांचे तसे काही बिघडले नाही. म्हणून म्यूक५एसी हे बरे लक्ष्य ठरले आणि त्यावरचे वाफेचे एसआयआरएनए माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचले. आता फायब्रोसिसकडे वळा. २०११ साली आढळले की म्यूक५बीच्या आधीच्या भागात एक अक्षर बदललेले असेल तर ते जनुक जास्त बोलते आणि अज्ञात कारणाच्या फुफ्फुस-फायब्रोसिसचा धोका अनेक पटींनी वाढतो. या रोगातला तो सर्वांत ठळक आनुवंशिक दुवा आहे. म्हणजे जे प्रथिन गेल्याने फुफ्फुस सडते, तेच जास्त झाल्याने फुफ्फुसात व्रण पडतात. असे जनुक पूर्ण गप्प करायचे नसते, त्याचा आवाज थोडा उतरवायचा असतो. एसआयआरएनएला ते मात्रेवरून जमूही शकेल, पण फुफ्फुसाच्या प्रत्येक कोपऱ्यात मात्रा सारखी पडत नाही, हे वर आलेच आहे.

अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची कमतरता हे आणखी विलक्षण उदाहरण. स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी १९६३ साली तिची ओळख पटवली. हे प्रथिन यकृतात बनते आणि रक्तातून फुफ्फुसात जाऊन तिथल्या विकरांपासून ऊतकाचे रक्षण करते. झेड प्रकारच्या दोषात प्रथिन चुकीचे घडीबद्ध होते आणि यकृतातच साचते. यकृत त्याने बिघडते आणि फुफ्फुस रक्षणाविना उघडे पडून तरुण वयात एम्फिसिमा होतो. फाझिरसिरान हे एसआयआरएनए हे सदोष प्रथिन बनणेच थांबवते. २०२२ सालच्या अभ्यासात १६ रुग्णांच्या यकृतातला साठा ८३ टक्क्यांनी उतरला आणि ज्यांच्या आधी-नंतरच्या ऊतकाची तुलना करता आली अशा १५ पैकी ७ जणांच्या यकृताचे व्रणही कमी झाले. आता ते तिसऱ्या टप्प्यात आहे. पण फुफ्फुसाच्या बाजूने पाहा. सदोष असले तरी थोडेफार पोचत होते, तेही या औषधाने आटते. म्हणून चाचणीत फुफ्फुसाच्या क्षमतेवर डोळा ठेवावा लागतो. जो आजार ‘फुफ्फुसाचा’ म्हणून ओळखला गेला त्याच्यावरचे सर्वांत पुढे गेलेले जनुक-शमन औषध यकृताला वाचवते आणि फुफ्फुसाला फार तर जैसे थे ठेवते. भारतात हा झेड प्रकार विरळ आहे, त्यामुळे आपल्याकडे त्याची चर्चाही विरळ.

दम्यात एक वेगळी वाट जर्मनीत चोखाळली गेली. गाटा३ हे जनुक अ‍ॅलर्जीच्या पेशींचे सूत्रधार. त्याचा संदेश कापण्यासाठी आरएनए न वापरता स्वतःच कात्री असलेला डीएनएचा तुकडा, म्हणजे डीएनएझाइम, वाफेतून दिला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अ‍ॅलर्जीकारक पदार्थ हुंगवल्यावर काही तासांनी येणारा दम्याचा उशिराचा झटका २८ दिवसांच्या उपचारानंतर ३४ टक्क्यांनी सौम्य झाला. इथे मोजलेली गोष्ट रक्तातला आकडा नसून प्रत्यक्ष श्वास होता, म्हणून मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो. दहा वर्षे उलटली तरी त्यातून औषध आलेले नाही. मधल्या काळात दम्यावर महिन्या-पंधरा दिवसांनी टोचायच्या प्रतिपिंडांची फौज उभी राहिली. टेझेपेलुमॅब २०२१ च्या डिसेंबरात आले, आणि २०२४ साली डुपिलुमॅब सीओपीडीच्या काही रुग्णांसाठीही मंजूर झाले. जनुक गप्प करणाऱ्या औषधाची स्पर्धा आता जुन्या पंपाशी नाही, या प्रतिपिंडांशी आहे.

मायक्रोआरएनएची शाखा ऐकायला सर्वांत मोहक आहे. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना २०२४ चे नोबेल ज्या रेणूंसाठी मिळाले, ते आपल्या पेशी स्वतःच बनवतात आणि एकेक रेणू शेकडो जनुकांचा आवाज कमी-जास्त करतो. फायब्रोसिसग्रस्त फुफ्फुसात मिर-२१ वाढलेला आणि लेट-७डी घटलेला आढळतो, तर मिर-२९ कोलाजेनला लगाम घालतो. मग घटलेला भरावा, वाढलेला अडवावा. कागदावर सोपे. दम्यात लेट-७ चे काय झाले ते सांगतो. २०१० साली अमेरिकेतल्या एका गटाने उंदरांत लेट-७ अडवला तर दाह कमी झाला, म्हणजे लेट-७ दाह वाढवणारा. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतल्या बलराम घोष आणि अनुराग अग्रवाल यांच्या गटाने उंदरांच्या नाकातून लेट-७ दिला, तर तो आयएल-१३ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला दाबून दाह कमी करणारा ठरला. दोन्ही काम नीट केलेले. एकच रेणू निरनिराळ्या पेशींत निरनिराळ्या जनुकांशी बोलतो, त्यामुळे कोणत्या पेशीत किती पोचला यावर उत्तर उलटते. कर्करोगात एमआरएक्स३४ हा मायक्रोआरएनएची नक्कल करणारा रेणू माणसांना दिला गेला आणि २०१६ साली प्रतिकारयंत्रणेच्या गंभीर प्रतिक्रिया व रुग्णांचे मृत्यू यांमुळे ती चाचणी बंद करावी लागली. फुफ्फुसाच्या दीर्घ आजारांसाठी ही शाखा अजून बरीच दूर आहे, असे माझे मत.

फायब्रोसिसवर जपानच्या तोरे कंपनीने टीजीएफ-बीटा१ विरुद्धचा रेणू वाफेतून तपासला, मॅट्रिक्स मोडणाऱ्या एमएमपी७ वरचा दुसरा रेणूही मैदानात आहे. इथली मोठी अडचण उंदीर हीच आहे. ब्लिओमायसिन देऊन उंदराच्या फुफ्फुसात व्रण करता येतात, पण ते काही आठवड्यांत आपोआप भरू लागतात. माणसाचे भरत नाहीत. शेकडो रेणूंनी उंदीर बरे केले आणि अनेक वर्षे हाती होती ती पिरफेनिडोन व निंटेडानिब, दोन्ही अमेरिकेत २०१४ साली मंजूर, दोन्ही घसरण मंदावणारी. डॅलसच्या संशोधकांनी २०२० साली मेदकणांत धनभारित मेद वाढवला की ते शिरेतून दिल्यावर यकृताऐवजी फुफ्फुसात जातात हे दाखवले. फायब्रोसिसमध्ये घट्ट झालेल्या भागात हवा जात नाही पण रक्त थोडेफार जाते, म्हणून मला वाफेपेक्षा ही वाट इथे अधिक आशादायक वाटते. तिचीही कसोटी पुन्हा पुन्हा देण्यातच लागेल.

हे सगळे आपल्यापर्यंत कधी आणि कशा रूपात येईल? २०१८ साली संदीप साळवी आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार २०१६ साली भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी आणि दम्याचे सुमारे पावणेचार कोटी रुग्ण होते. जगाची १८ टक्के लोकसंख्या आणि दीर्घ श्वसनरोगांच्या भाराचा ३२ टक्के वाटा. पुण्यातल्या साळवींनीच पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ साली लिहिले होते की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधी बिडी-सिगारेट ओढलेली नसते. चुलीचा धूर, डासांची उदबत्ती, धुळीचा कारखाना, आधी होऊन गेलेला क्षयरोग ही त्यांची कारणे. आपल्याकडे रुग्णाला पंप नको असतो. सवय लागते, लोक बघतात, गोळी द्या डॉक्टर. रोज दोनदा पंप ओढण्याऐवजी दोन महिन्यांतून एकदा दवाखान्यात बसून वाफ घ्यायची असेल, तर ती इथे पटकन रुजेल. तंत्राचा हा गुण श्रीमंत देशांपेक्षा आपल्या उपयोगाचा आहे.

किंमत मात्र आडवी येते. पॅटिसिरान बाजारात आले तेव्हा वर्षाचा खर्च साडेचार लाख डॉलर सांगितला गेला होता, आणि तो विरळ आजारांचा भाव होता. कोट्यवधींच्या आजाराला तो लागणार नाही, हे इन्क्लिसिरानने दाखवून दिले. आरएनए इथे बनवता येतो हेही सिद्ध आहे. पुण्याच्या जेनोव्हाच्या आरएनए-आधारित करोना लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली आणि ती साध्या फ्रिजच्या तापमानाला टिकते. रासायनिक रीतीने बांधलेला २१ अक्षरी दुहेरी धागा ही वेगळी कारागिरी आहे, पण अशक्य नाही.

मला जास्त काळजी चाचण्यांच्या अटींची वाटते. सीओपीडीच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांत भरती होण्यासाठी रुग्णाने किमान दहा ‘पॅक-वर्षे’, म्हणजे दिवसाला एक पाकीट याप्रमाणे दहा वर्षे, सिगारेट ओढलेली असावी लागते. चुलीपुढे तीस वर्षे स्वयंपाक केलेल्या बाईचा आजार या अटीत बसत नाही. तिच्या नलिकांत कोणते जनुक जास्त बोलते, म्यूक५एसी की आणखी काही, हे त्या चाचण्यांतून कळणार नाही. धुराने होणाऱ्या सीओपीडीत वायुकोशांच्या नाशापेक्षा नलिकांचे आकुंचन अधिक दिसते असे अभ्यास सांगतात. तसे असेल तर रेजचे औषध तिच्या कामाचे नसेल आणि कफाचे कदाचित असेल. वाफेतून येणाऱ्या या औषधांच्या पुढच्या टप्प्यातल्या चाचण्या भारतात आल्या, तर छातीच्या डॉक्टरांनी आणि नियामकांनी अटींचे ते कलम सर्वांत आधी वाचावे.